टाका हातात बसेपर्यंत: वैद्यकीय विद्यार्थ्यांना शस्त्रक्रियेचं कौशल्य कसं शिकवावं आणि कसं तपासावं

ऊसतोडीच्या हंगामात कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही कॅज्युअल्टीत रात्री उभं राहिलात तर कोयत्याची जखम दिसणारच. बहुतेक वेळा डाव्या हाताला, कारण उजव्या हातात कोयता आणि डाव्यात ऊस धरलेला असतो. मी इंटर्न असताना अशीच एक जखम माझ्या वाट्याला आली. मनगटाच्या वर, बोटभर लांब. वरिष्ठ दुसऱ्या पेशंटमध्ये अडकले होते. त्यांनी लांबूनच विचारलं, "टाके घालताना बघितलंयस ना?" मी "हो सर" म्हटलं. खरंच बघितलं होतं, पन्नासएक वेळा तरी. स्वतः मात्र एकही टाका घातला नव्हता. मी सात टाके घातले आणि सगळे करकचून आवळले, कारण घट्ट म्हणजे चांगला अशी माझी समजूत होती. सहाव्या दिवशी ते गृहस्थ परत आले तेव्हा जखमेच्या कडा काळ्या पडल्या होत्या आणि मधले दोन टाके कातडी कापत वर आले होते. जखम भरायला महिना गेला. त्या महिन्याची त्यांची मजुरी बुडाली.

आता मी स्वतः सर्जरी शिकवतो. दर बॅचला एक गोष्ट पुन्हा पुन्हा पटते: विद्यार्थ्यानं आपला हात बघावा यासाठी आपण फार वेळ देतो आणि विद्यार्थ्याचा हात आपण बघावा यासाठी जवळजवळ देतच नाही. कोल्हापुरात तालमीत गेलेल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. तिथं वस्ताद हौद्याच्या कडेला बसून पोरांच्या पायांकडे बघत असतो आणि पाय चुकीचा पडला की तिथल्या तिथं थांबवतो. खालचा सगळा लेख म्हणजे हे बघणं नीट, ठरवून आणि सगळ्यांसाठी सारखं कसं करायचं याची माहिती आहे. तो सर्जरीच्या शिक्षकांसाठी आणि रेसिडेंट्ससाठी (पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांसाठी) लिहिला आहे, पण हॉस्टेलवर स्वतःच सराव करणाऱ्या विद्यार्थ्यालाही यातलं बरंच वापरता येईल.

काय शिकवायचं ते आधी कागदावर उतरवा

एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला अपेंडिक्स काढता यावं अशी अपेक्षा कुणाचीच नसते. पण पोस्टिंगमध्ये, म्हणजे सर्जरी विभागात शिकण्याच्या आठवड्यांत, नेमकं काय यायला हवं हे लिहिलेलं नसलं, की युनिटप्रमाणे आणि शिक्षकाच्या आवडीप्रमाणे सगळं बदलतं. २०१९ च्या बॅचपासून आपल्याकडे क्षमताधारित अभ्यासक्रम आला. त्यात प्रत्येक क्षमतेपुढे पातळी लिहिलेली असते: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, स्वतंत्रपणे करतो. वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेल्या पिरॅमिडच्याच या चार पायऱ्या आहेत. निर्जंतुक पद्धत आणि टाके घालणं हे कृत्रिम वातावरणात करून दाखवणं या अभ्यासक्रमातच आहे, त्यामुळे "वेळ मिळाला तर घेऊ" असा हा विषय राहिलेला नाही.

माझी यादी छोटी आहे. स्क्रब होणं (शस्त्रक्रियेआधी हात घासून धुणं) आणि ग्लोव्हज घालणं. अवजारं ओळखणं आणि धरणं. हातानं गाठ आणि नीडल होल्डरनं (सुई धरायच्या, कात्रीसारख्या कड्या असलेल्या अवजारानं) गाठ. साधा सुटा टाका आणि उभा मॅट्रेस टाका (आधी कडेपासून लांबून, मग जवळून परत घेतलेला). भुलीचं इंजेक्शन जखमेच्या कडेनं देणं. गळवाला चीर देऊन पू काढणं. ड्रेसिंग. टाके काढणं, आणि कुठले कधी काढायचे तेही: चेहऱ्यावरचे तीन ते पाच दिवसांत, डोक्यावरचे सात ते दहा, हातापायांचे दहा ते चौदा. एवढं आठ आठवड्यांत नीट झालं तर पुष्कळ झालं. वाढवायचा मोह आवरा.

या यादीत मी एक गोष्ट मुद्दाम घालतो, टाका कधी घालू नये. मातीनं भरलेली, तासन् तास उघडी राहिलेली जखम धुऊन, मेलेला भाग काढून, उघडी ठेवून नंतर शिवावी लागते. बोट वाकत नसेल तर आत स्नायूबंध तुटलेला असू शकतो, आणि वरून सुंदर टाके घालून ती जखम बंद करणं हे नुकसान आहे. संवेदना आणि हालचाल तपासायची ती भूल देण्याआधी, कारण नंतर काहीच कळत नाही. ही सवय टाक्याच्या आधी लागली पाहिजे.

साहित्य: बहुतेक सगळं कोल्हापुरातच मिळतं

सरावासाठी निर्जीव वस्तू वापरण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातल्या नवव्या अध्यायाचं नावच योग्यासूत्रीय, आणि योग्या म्हणजे सराव. कापण्यासाठी कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी. शीर टोचण्यासाठी मेलेल्या जनावराच्या शिरा आणि कमळाचे देठ. शिवण्यासाठी जाड कापडाच्या आणि मऊ कातड्याच्या कडा. पट्टी बांधण्यासाठी बाहुली. कितीही शास्त्र वाचलेलं असलं तरी योग्या न केलेला माणूस कर्माला अयोग्य, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. अवजारं बदलली, पण हाताची गरज तीच आहे.

सिलिकॉनचे तयार पॅड चांगले असतात, पण महाग असतात आणि वीस मुलांत चार येतात. मग मुलं रांगेत उभी राहतात आणि सराव होत नाही. त्यापेक्षा गाड्यांचे सीटकव्हर शिवणाऱ्याकडून रेक्झिनचे उरलेले तुकडे आणि दोन इंच जाडीचा फोम आणा. साधारण सहा बाय चार इंचाचा फोम, त्यावर रेक्झिन, खाली प्लायवूडची फळी, चारी बाजूंनी चिकटपट्टी. रेक्झिनला मागून कापड असल्यामुळे टाका फाटून येत नाही. मधोमध पाच सेंटिमीटरची सरळ चीर द्या. दुसऱ्या पॅडवर वाकडी चीर द्या, कारण कोयता सरळ रेषेत कापत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याचा स्वतःचा पॅड हवा आणि तो त्याला खोलीवर नेता आला पाहिजे.

रेक्झिन खऱ्या कातडीपेक्षा कडक असतं. म्हणून दुसऱ्या टप्प्यावर कोंबडीची तंगडी घ्या. दुकानदार कातडी सोलूनच देतो, त्यामुळे "कातडीसकट" असं आधी सांगून ठेवावं लागतं. कोंबडीची कातडी पातळ असते, जरा जोर झाला की फाटते, आणि हात हलका करायला तिच्याइतकं चांगलं काही नाही. आतड्याच्या जोडाची कल्पना यावी म्हणून रेसिडेंट्ससाठी वजडी आणतात. ती धुऊन दिलेली घ्या, त्याच दिवशी वापरा, आणि कातडीची सुई न वापरता गोल अंगाची सुई द्या. कातडीला कापणारी सुई का आणि आतड्याला गोल का, हे दोन्ही हातांनी करून बघितल्यावर पुन्हा सांगावं लागत नाही.

धाग्यासाठी ओटीमध्ये (ऑपरेशन थिएटरमध्ये) मुदत संपलेली पाकिटं सिस्टरांकडून रीतसर नोंद करून घ्या आणि त्यावर मोठ्या अक्षरांत "फक्त सरावासाठी" असं लिहा. ती पाकिटं कुठल्याही परिस्थितीत परत ओटीत जाता कामा नयेत, म्हणून ती वेगळ्या, कुलूप असलेल्या कपाटात राहू द्या. सुया मोजून द्यायच्या आणि मोजून परत घ्यायच्या. वापरलेल्या सुया पांढऱ्या, टोचून आरपार न जाणाऱ्या डब्यात आणि मांसाचे तुकडे पिवळ्या पिशवीत. सरावाची सुई आहे म्हणून सूट नाही. शिस्तीची सवय इथंच लागते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या (लॅपरोस्कोपीच्या) सरावाचा बॉक्स उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये सहज बनतो: अॅक्रिलिकचा किंवा पत्र्याचा डबा, वर दोन भोकं, आत एलईडी आणि कॅमेऱ्याच्या जागी मोबाइल. जगभर वापरल्या जाणाऱ्या लॅपरोस्कोपीच्या मूलभूत परीक्षेत हाताची पाच कामं असतात. त्यातलं पहिलं, रबरी तुकडे एका खुंटीवरून उचलून हातात बदलून दुसऱ्या खुंटीवर ठेवणं, एवढंच एमबीबीएसच्या मुलांना द्या. बाकीची चार रेसिडेंट्ससाठी.

शिकवण्याच्या चार पायऱ्या

सर्जन रॉडनी पेटन यांची चार पायऱ्यांची पद्धत मला सगळ्यात उपयोगी वाटते. पहिल्या पायरीत शिक्षक एक टाका नेहमीच्या वेगानं, काहीही न बोलता घालतो. दुसऱ्यात तोच टाका सावकाश, प्रत्येक हालचाल सांगत. तिसऱ्यात विद्यार्थी सांगतो आणि शिक्षक तो सांगेल तेवढंच करतो. चौथ्यात विद्यार्थी स्वतः सांगत सांगत करतो.

पहिली पायरी वायफळ वाटते, पण पुरं काम कसं दिसतं हे डोळ्यांत बसल्याशिवाय तुकडे जोडता येत नाहीत. सगळ्यात जास्त गाळली जाते ती तिसरी, आणि माझ्या अनुभवात खरं शिक्षण तिथंच होतं. विद्यार्थी म्हणतो, "सुई आत घाला." मी सुई तिरकी घालतो. तो म्हणतो, "नाही सर, सरळ." "सरळ म्हणजे कशी?" "कातडीला काटकोनात." आता त्याला ते कळलं. त्याला जे शब्दांत सांगता येत नाही ते त्याला अजून नीट दिसलेलंच नाही, हे इथं चटकन उघडं पडतं. एका शिक्षकामागे चार-पाच विद्यार्थी असतील तरच हे जमतं. वीसजणांना एकदम दाखवायचं असेल तर ते फक्त दाखवणं होईल.

साध्या सुट्या टाक्याचे मी जे तुकडे करतो ते सांगतो, कारण "टाका घाल" ही एक कृती नाही. नीडल होल्डरच्या कड्यांत अंगठा आणि अनामिका, तर्जनी दांड्यावर लांब ठेवलेली. सुई टोकापासून साधारण दोन तृतीयांश अंतरावर, होल्डरला काटकोनात पकडलेली. दाताच्या चिमट्यानं कातडीची कड हळूच बाहेर वळवायची, चिमटून धरायची नाही. सुईचं टोक कडेपासून पाचएक मिलिमीटरवर, कातडीला काटकोनात. मग मनगट फिरवायचं. सुई वाकडी आहे, म्हणून तिचा रस्ताही वाकडा असला पाहिजे, आणि ढकलत नेली तर ती वाकते किंवा कातडी फाटते. मधे सुई बाहेर काढून पुन्हा पकडायची, बोटांनी नव्हे, होल्डरनं. पलीकडच्या कडेत तेवढ्याच खोलीवर आणि तेवढ्याच अंतरावर बाहेर. शेपूट दोन-तीन सेंटिमीटर ठेवायचं. पहिला फेरा दुहेरी, दुसरा उलट्या दिशेनं एकेरी, तिसरा पुन्हा उलट. गाठ जखमेवर येऊ द्यायची नाही, एका बाजूला सरकवायची.

आणि ताण. जखमेला पुढच्या दिवसा-दोन दिवसांत सूज येणार असते. आज घट्ट वाटणारा टाका उद्या फास होतो. मी एकच वाक्य सांगतो: कडा जुळवा, गळा आवळू नका. कडा एकमेकींना टेकल्या की हात थांबला पाहिजे. मला हे कुणी त्या रात्रीच्या आधी हाताला धरून दाखवलं असतं तर ती जखम काळी पडली नसती.

डावखुऱ्या विद्यार्थ्यांबद्दल थोडं. "सवय होईल, उजव्यानं कर" असं सर्रास सांगितलं जातं. ते चुकीचं आहे. त्याला समोर बसवा, म्हणजे तुमचा उजवा हात त्याला आरशातल्यासारखा डावा दिसेल. नेहमीच्या होल्डरचं कुलूप डाव्या हातानं उघडताना अंगठ्यानं आत ओढावं लागतं, ते वेगळं शिकवा, किंवा कड्यांत बोटं न घालता तळहातात धरायला शिकवा.

सराव थोडा, पण रोज

२००६ मध्ये टोरांटोतल्या एका प्रयोगात ३८ नवे रेसिडेंट्स घेतले. काम होतं सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडण्याचं. अर्ध्यांना चारही तासिका एकाच दिवशी दिल्या, अर्ध्यांना आठवड्याला एक. महिन्यानं परीक्षा घेतली तेव्हा आठवड्या-आठवड्यानं शिकलेल्यांचे हात सरस ठरले. शिकवण्याचा वेळ दोघांचा सारखाच होता. आपल्याकडे मात्र "एक दिवसाची कार्यशाळा" हाच ठरलेला साचा आहे: सकाळी उद्घाटन, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र. तेवढ्याच तासांचे चार तुकडे करून चार आठवडे घेतले तर खर्च तोच आणि फायदा कितीतरी जास्त.

माझं साधारण वेळापत्रक असं असतं. पहिल्या आठवड्यात फक्त धरणं आणि गाठ. दुसऱ्यात साधा टाका रेक्झिनवर. तिसऱ्यात कोंबडीच्या कातडीवर, ग्लोव्हज घालून, निर्जंतुक पद्धत पाळून. चौथ्यात मॅट्रेस टाका, भूल आणि टाके काढणं. मधल्या दिवसांत गृहपाठ म्हणजे रोज दहा मिनिटं गाठी. दोन रंगांच्या बुटाच्या नाड्या हॉस्टेलच्या पलंगाच्या दांड्याला बांधल्या की गाठ चौकोनी पडली की घसरणारी, हे रंगांवरून लगेच कळतं. त्या दांड्यावर शंभर गाठींची माळ बांधून तिचा फोटो पाठवायला मी सांगतो. फोटोत गाठींची सरळ ओळ दिसते की पिळलेली, हे एका नजरेत कळतं आणि दोन ओळींत उत्तर देता येतं.

सरावातही एका वेळी एकच गोष्ट. आज फक्त सुईचा कोन. वेग वगैरे काही नाही. फिट्स आणि पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये कौशल्याच्या तीन अवस्था सांगितल्या: आधी डोकं विचार करतं, मग हालचाली जुळतात, मग हात आपोआप चालतो. पहिल्या अवस्थेतल्या मुलाला तुम्ही भुलीची मात्रा विचारलीत तर त्याची सुई थांबते. ते त्याचं अज्ञान नाही, त्याच्या डोक्यात जागा शिल्लक नाही इतकंच. प्रश्न हात थांबल्यावर विचारा.

सांगायचं काय आणि कसं

"तुझा हात जड आहे." हे वाक्य मी विद्यार्थी असताना अनेकदा ऐकलं. ऐकून काय करायचं ते कधीच कळलं नाही. त्याऐवजी "चिमट्यानं कड चेपली जातेय, पांढरी पडलेली बघ, नुसती उचल" असं सांगितलं तर पुढच्या टाक्यात फरक दिसतो. जे डोळ्यांना दिसलं तेच सांगायचं, आणि पुढच्या वेळी काय करायचं तेही त्याच वाक्यात.

आधी त्याला विचारा. "कुठला टाका सगळ्यात बरा पडला? का?" स्वतःच्या सात टाक्यांतला चांगला ओळखता येतो तो विद्यार्थी एकटा असतानाही सुधारतो. मग तुमची एकच सूचना, दोन नव्हेत. आणि ती सूचना अमलात आणलेली तिथंच बघा. हे शेवटचं राहिलं तर आधीचं बोलणं हवेत जातं. सगळ्यांसमोर, पेशंटसमोर तर कधीच ओरडू नका. घाबरलेला हात थरथरतो, आणि मग त्या थरथरीवरून पुन्हा बोलणी खावी लागतात. चांगले, मेहनती विद्यार्थी या फेऱ्यात अडकून सर्जरीपासून कायमचे दूर गेलेले मी पाहिले आहेत आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तपासणी: मत नको, मोजमाप हवं

आपली जुनी पद्धत अशी: टेबलावर अवजारं मांडलेली, परीक्षक एक उचलतो, "हे काय? कुठं वापरतात?" त्यातून पाठांतर कळतं. हात कळत नाही. दुसरी पद्धत म्हणजे सहा महिन्यांनी आठवून दिलेले मार्क. त्यात मुलगा बोलका आहे का, राउंडला वेळेवर येतो का, हे सगळं मिसळलेलं असतं.

१९९७ मध्ये टोरांटो विद्यापीठातून ओसॅट्स नावाची पद्धत प्रसिद्ध झाली. वेगवेगळ्या स्टेशनवर, म्हणजे एकेका कामासाठी मांडलेल्या टेबलांवर, विद्यार्थी प्रत्यक्ष काम करतो आणि परीक्षक बघतो. दोन कागद असतात. एक त्या कामाची तपासयादी, केलं किंवा नाही केलं. दुसरा एकूण दर्जाचा तक्ता, सात मुद्दे, प्रत्येकी एक ते पाच गुण: ऊतींशी जपून वागणं, वेळ आणि हालचाल, अवजार हाताळणं, अवजारांची माहिती, मदतनिसाचा उपयोग, कामाचा ओघ आणि पुढचा विचार, त्या शस्त्रक्रियेची माहिती. म्हणजे कमीत कमी सात आणि जास्तीत जास्त पस्तीस. खरी ताकद एक, तीन आणि पाच गुणांसमोर लिहिलेल्या वर्णनांत आहे. ऊतींच्या मुद्द्याला एक गुण म्हणजे वारंवार अनावश्यक जोर लावला किंवा इजा केली. तीन म्हणजे जपून केलं पण अधूनमधून नकळत इजा झाली. पाच म्हणजे सातत्यानं जपलं. वर्णन समोर असलं की दोन परीक्षकांचे गुण जवळ येतात.

एमबीबीएससाठी मी मदतनिसाचा मुद्दा काढतो आणि "पेशंटशी बोलणं" घालतो. पॅड एखाद्या सहकाऱ्याच्या हातावर बांधायचा, म्हणजे पलीकडे जिवंत माणूस असतो. "मावशी, आता थोडं टोचेल, हात हलवू नका" हे बोलत बोलत टाका घालता येणं हे वेगळंच कौशल्य आहे.

साध्या टाक्याच्या स्टेशनसाठी माझी तपासयादी:

- भूल देण्याआधी संवेदना आणि हालचाल तपासली
- अॅलर्जी विचारली, भुलीची कमाल मात्रा बरोबर सांगितली
- निर्जंतुक पद्धत शेवटपर्यंत मोडली नाही, किंवा मोडली तेव्हा स्वतः ओळखून दुरुस्त केली
- सुई योग्य जागी पकडली
- कातडीत काटकोनात शिरली, मनगट फिरवलं
- दोन्ही कडांत अंतर आणि खोली सारखी
- कडा किंचित बाहेर वळलेल्या, आत दुमडलेल्या नाहीत
- गाठ चौकोनी, एका बाजूला, ताण योग्य
- सुईला बोट लावलं नाही, सुई डब्यात टाकली
- धनुर्वाताची लस आणि टाके काढायची तारीख सांगितली

मात्रेचा हिशेब तोंडी करून घ्या. लिग्नोकेन या भुलीच्या औषधाची, ते साधं (अॅड्रेनलिन न मिसळलेलं) असताना, सावध मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला १८०. दोन टक्क्यांच्या द्रावणात एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम, म्हणजे ९ मिलिलिटर. हा हिशेब ज्याला येत नाही त्याच्या हातात सिरिंज देऊ नका, टाके कितीही देखणे असोत.

परीक्षकांची तयारी ही सगळ्यात दुर्लक्षित पायरी आहे, म्हणून यावर जरा रेंगाळतो. स्टेशन सुरू होण्याआधी अर्धा तास सगळ्या परीक्षकांनी एकत्र बसून दोन व्हिडिओ बघावेत, एक चांगला आणि एक मध्यम, आणि आपापले गुण न सांगता लिहावेत. मग उघडावेत. पहिल्यांदा एकाच विद्यार्थ्याला कुणी १४ देतं, कुणी २६. त्यावर चर्चा करा: "तुम्ही ऊतींना चार का दिलेत?" दुसऱ्या व्हिडिओनंतर फरक कमी झालेला दिसतो. हा अर्धा तास वाचवला तर पुढच्या दिवसभराचे गुण म्हणजे परीक्षकाचा स्वभाव मोजल्यासारखं होतं.

व्हिडिओचा आणखी एक उपयोग. मोबाइल स्टँडवर लावून फक्त हात आणि पॅड दिसेल असा कोन ठेवा, आवाज बंद, नावाऐवजी क्रमांक. कोण कुणाचा मुलगा, कोण हुशार, हे परीक्षकाला कळत नाही. हे नुसतं शिक्षणाचं प्रकरण नाही. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये २० बेरिॲट्रिक (वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या) सर्जन्सनी आपापल्या एका शस्त्रक्रियेचा व्हिडिओ दिला, सहकाऱ्यांनी नाव न कळता त्याला गुण दिले, आणि २०१३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. सगळ्यात खालच्या गटातल्या सर्जन्सच्या पेशंटमध्ये गुंतागुंतीचं प्रमाण १४.५ टक्के होतं, वरच्या गटात ५.२ टक्के. हात नुसता बघून जे कळतं त्याचा पेशंटच्या जिवाशी इतका थेट संबंध आहे.

पासची रेघ कुठं मारायची? पन्नास टक्के हा आकडा सवयीनं येतो, त्यामागे विचार काही नसतो. सोपी रीत अशी: तपासयादी भरल्यावर प्रत्येक परीक्षकानं एकूण मत तीनपैकी एका शब्दात द्यायचं, पास, नापास किंवा काठावर. ज्यांना "काठावर" मिळालं त्यांचे तपासयादीवरचे गुण चढत्या क्रमानं लिहा आणि मधला आकडा घ्या. तीच तुमची रेघ. बॅच लहान असेल तर दोन-तीन बॅचचे आकडे एकत्र करा. काही चुकांना मात्र गुणांत बसवू नका. सुई टेबलावर तशीच सोडली किंवा निर्जंतुकता मोडून तसंच पुढे गेला, तर बाकी गुण कितीही असोत, स्टेशन पुन्हा द्यायचं.

वेळ मोजा, पण सुरुवातीला गुण देऊ नका. वेगाला गुण दिले की मुलं पहिल्या आठवड्यापासून घाई शिकतात.

नापास म्हणजे पुढे काय, हे आधी जाहीर करा. माझ्याकडे नापास विद्यार्थ्याला दोन आठवडे, एक ठरावीक रेसिडेंट आणि ज्या मुद्द्याला कमी गुण पडले तेवढ्याच मुद्द्याचा सराव मिळतो, मग पुन्हा स्टेशन.

पॅडवरून पेशंटकडे

स्टेशन पास झाल्याशिवाय पेशंटवर टाका नाही. हा नियम मोडायचे प्रसंग रोज येतात, विशेषतः रात्री, गर्दीत. तेव्हाच तो पाळायचा असतो. अभ्यासक्रमातला क्रमही हाच आहे: दाखवा, बघू द्या, मदत करू द्या, मग करू द्या. मदत करणं म्हणजे नुसतं कात्री धरणं नव्हे. विद्यार्थ्याला धागा कापायला द्या, नंतर गाठ मारायला द्या, मग शेवटचा टाका, मग अर्धी जखम. तुम्ही ग्लोव्हज घालून शेजारी उभे राहा, खुर्चीत बसून नव्हे.

पेशंटला सांगा आणि विचारा. "काका, हे शिकाऊ डॉक्टर आहेत, मी शेजारीच आहे, यांनी टाके घातले तर चालेल का?" गावाकडून आलेला माणूस सहसा नाही म्हणत नाही, आणि म्हणूनच त्याला नाही म्हणायची मोकळीक आपण शब्दांत द्यायला हवी. नाही म्हणाला तर चेहऱ्यावर काही न दाखवता स्वतः टाके घाला.

सुई टोचण्याबद्दल पहिल्या दिवशीच बोला. हिपॅटायटिस बीची लस पूर्ण झालेली असल्याशिवाय पोस्टिंग सुरू करू नका. टोचली तर जखम दाबून रक्त काढत बसू नये, साबण-पाण्यानं धुवावी आणि लगेच सांगावं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागली तर ती शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. मुलं भीतीनं लपवतात. सांगणाऱ्यावर कुणी रागावणार नाही, हे तुमच्या वागण्यातून त्यांना दिसलं पाहिजे.

लॉगबुकात सही करताना प्रामाणिक राहा. "बघितलं", "मदत केली", "देखरेखीखाली केलं" हे तीन वेगळे रकाने ठेवा आणि जे डोळ्यांसमोर झालं त्यावरच सही करा. पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी गठ्ठ्यानं केलेल्या सह्या पुढच्या डॉक्टरला फसवतात, आणि त्याच्या पेशंटलाही.

तीन महिन्यांनी न सांगता तेच स्टेशन पुन्हा घ्या. दहा मिनिटं पुरतात. काही हात उतरलेले दिसतील. त्यांना एक पॅड आणि आठवडाभराचा सराव द्या, शिक्षा नको. इंटर्न्ससाठी मी ही फेरी ऑक्टोबरमध्ये धरतो. दिवाळीच्या आसपास कारखान्यांची धुराडी पेटतात, ऊसतोडीच्या टोळ्या फडात उतरतात आणि रात्रीच्या कॅज्युअल्टीत कोयत्याच्या जखमा यायला लागतात. त्याआधी प्रत्येक इंटर्नच्या नावासमोर स्टेशनची तारीख पडलेली असावी, आणि ड्युटीच्या यादीत पहिल्या आठवड्याच्या प्रत्येक रात्री त्याच्या शेजारी एका रेसिडेंटचं नाव.